टँगोच्या नावानं ओढाताण नको

मा. संपादक साहेब, स.न.

आमच्या दारव्हा तालुक्यात आता लग्नाच्या संगीतात नवरा-नवरीचा कपल डान्स कंपल्सरीच होऊन राहिला, अन् जरा जवळ आले की त्याला सरसकट टँगो, म्हणजे तो अर्जेंटिना-उरुग्वेकडचा जोडीचा नाच, म्हणून राहिले लोक. पोट्टा नवरीचा हात खस्कन ओढते, कंबर आवळते, एकदम मागे वाकवते, तिची पिन निघते, अन् म्हातारी माणसं मान फिरवून बसतात. फार वाईट वाटते, कारण टँगोत हात ओढायचाच नसते.

नवऱ्याचा उजवा हात नवरीच्या पाठीवर, कमरेच्या बराच वर, डाव्या हातात तिचा उजवा हात नुसता धरलेला, अन् इशारा द्यायचा तो छातीतून, म्हणजे आधी आपलं वजन नीट एका पायावर न्यायचं की तिला बरोबर समजते, हातानं ढकललं तर तोल गेलाच समजा. दोघांनी आपापल्या पायावर उभं राहायचं, लोंबकळायचं नाही. जवळची मिठी असते तशी अंतर ठेवून पण असते, अन् तिला अवघडल्यासारखं वाटलं तर अंतर ठेवायचं, विषय संपला. अर्जेंटिनाच्या ब्यूनस आयर्सला तर नाचायचं का म्हणून आधी लांबून नजरेनंच विचारतात, तिनं मान हलवली तरच उठायचं. युनेस्कोच्या वारसा यादीत २००९ पासून आहे हा नाच, अर्जेंटिना अन् उरुग्वे दोघांचा मिळून.

रविवारच्या पुरवणीत हात कुठं ठेवायचा याचं एक चित्र छापा साहेब, डान्स शिकवणाऱ्यांनी तरी पाहावं.

– एक वाचक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ