आधी छप्पर बघा, मग पॅनल लावा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

जुन्या शाळा 'ग्रीन' करायच्या म्हटलं की सगळ्यात आधी छतावर सोलर पॅनल लागतात, त्यांचा फोटो निघतो आणि वर्षाला किती युनिट वाचणार त्याचा आकडा छापून येतो. सोलरला माझा विरोध नाहीच, पण बिल्डिंगच्या मेंटेनन्सच्या कामात बरीच वर्षं गेल्यामुळे एक गोष्ट सारखी खटकते, ती म्हणजे या कामात वीजबिल सगळे मोजतात आणि ज्या वर्गात मुलं रोज पाच-सहा तास बसतात त्या वर्गातली हवा कोणीच मोजत नाही.

आधी छपराचंच बोलू. पॅनल साधारण 25 वर्षं चालतं. खालच्या छपराचं आयुष्य पाच-सात वर्षंच उरलं असेल तर मधेच सगळं उतरवा, वॉटरप्रूफिंग करा, परत चढवा, म्हणजे दुप्पट खर्च. आणि छपरात भार घ्यायची ताकद आहे का हे बघायलाच पाहिजे. ब्रिटनमध्ये 2023 च्या ऑगस्टच्या शेवटी, शाळा सुरू व्हायच्या तोंडावर, शंभरच्या वर शाळांना इमारतीचे भाग बंद करायला सांगितलं होतं, कारण जुन्या काळात वापरलेलं हलकं, बुडबुडेवालं काँक्रीट (तिकडे त्याला 'राक' म्हणतात) अचानक कोसळू शकतं असं लक्षात आलं. अशा छपराची तपासणी न करता वर स्ट्रक्चर उभं करणं म्हणजे काय ते सांगायला नको. जुन्या ॲस्बेस्टॉसच्या पत्र्याचंही तेच, त्याला भोकं पाडायची म्हणजे तंतू हवेत सोडायचे आणि तेही शाळेत!

बरं छप्पर चांगलं असलं तरी पहिला पैसा तिथेच लावा असं माझं मत आहे. एकमजली इमारतीत किंवा वरच्या मजल्यावर उष्णता मुख्यतः छतातूनच येते, आणि थंड प्रदेशात तिथूनच बाहेर जाते. उकाड्याच्या ठिकाणी पांढरा रिफ्लेक्टिव्ह थर, थंडीच्या ठिकाणी जाड इन्सुलेशन (उष्णता अडवणारा थर), आणि दोन्हीकडे गळती आधी बंद, कारण ओलं झालेलं इन्सुलेशन फारसं काम करत नाही. मग खिडक्या. इथे लोक आतून पडदे लावतात आणि समाधान मानतात, पण ऊन एकदा काचेतून आत आलं की पडदा तापतो आणि ती उष्णता खोलीतच राहते, सावली काचेच्या बाहेर पाहिजे, छज्जा म्हणा किंवा बाहेरची लुव्हर (तिरप्या पट्ट्यांची झडप) म्हणा.

जुन्या दगडी भिंतींना तर सिमेंट प्लास्टर मारूच नका. चुन्यात बांधलेल्या अशा भिंतीतली ओल हळूहळू बाहेर जाते, वरून सिमेंटचा गच्च थर दिला की ती आत अडकते, ओल्या अंगावर रेनकोट घातल्यासारखं होतं आणि दोन-तीन पावसाळ्यांत पोपडे निघायला लागतात. ओली भिंत कोरड्या भिंतीपेक्षा उष्णता जास्त वाहते, म्हणजे 'दुरुस्ती' करून वर उष्णतेचं नुकसान. हे सांगितलं की कॉन्ट्रॅक्टर म्हणतो साहेब चुन्याचं काम करणारा माणूस मिळत नाही. ते खरं आहे, पण म्हणून चुकीचं काम करायचं का.

आता हवेचं, कारण खरं पत्र त्यासाठीच लिहितोय. वर्गात बसलेलं एक मूल साधारण 70-80 वॅट उष्णता सोडतं, म्हणजे 40 मुलांचा वर्ग हा तीन किलोवॅटचा हीटरच झाला, आणि प्रत्येक जण कार्बन डायऑक्साइड सोडतोय तो वेगळा. मॅक्स फॉन पेटेनकोफर नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने 1858 मध्येच सांगून ठेवलंय की खोलीतल्या हवेतला कार्बन डायऑक्साइड 1000 पीपीएमच्या (म्हणजे दहा लाख भागांत हजार भागांच्या) वर जाऊ देऊ नका. बाहेरच्या हवेत आज 420 च्या वर असतं. दारं-खिडक्या लावलेल्या भरलेल्या वर्गात आकडा 2000 च्या पुढे सहज जातो, मुलं पेंगायला लागतात, डोकं जड होतं आणि आपण म्हणतो लक्ष नाही अभ्यासात.

एनर्जी वाचवायच्या नादात हे आधी एकदा होऊन गेलंय. 1973 च्या तेलसंकटानंतर अमेरिकेत इमारती घट्ट बंद करायची लाट आली, बाहेरची ताजी हवा आत घेऊन गरम किंवा थंड करायला पैसे लागतात म्हणून नियमातच दर माणशी मिनिटाला 5 घनफूट हवा पुरे असं ठरलं. लोकांच्या तक्रारी वाढल्या, 'सिक बिल्डिंग सिंड्रोम' (म्हणजे इमारतीत बसूनच लोकांना त्रास होणं) हे नाव तेव्हाच रूढ झालं, आणि 1989 मध्ये तो आकडा परत 15 वर न्यावा लागला. लिव्हरपूलजवळ वॉलसी इथे 1961 मध्ये एक शाळा बांधली होती, दक्षिणेला भलीमोठी दुहेरी काचेची भिंत, आणि ऊन, दिवे आणि मुलांच्या अंगाची ऊब यावरच ती गरम राहायची. कल्पना भन्नाटच, पण हिवाळ्यात खिडक्या फार उघडल्या नाहीत तरच ते गणित जमायचं!

आज यावर उपाय आहे. हीट रिकव्हरीवालं व्हेंटिलेशन घेतलं तर बाहेर जाणाऱ्या हवेतली तीन-चतुर्थांश उष्णता परत आत येणाऱ्या हवेला देता येते. जर्मनीतल्या डार्मश्टाटच्या पॅसिव्ह हाउस (म्हणजे अगदी कमी ऊर्जेत चालणारी इमारत) संस्थेने जुन्या इमारतींसाठी 'एनरफिट' म्हणून वेगळा स्टँडर्ड काढलाय, नव्या इमारतीला चौरस मीटरमागे वर्षाला 15 युनिट हीटिंग चालतं तर जुनीला तिथल्या हवामानात 25 पर्यंत सूट, म्हणजे जुनीकडून नव्याची अपेक्षा करत नाहीत आणि ताज्या हवेत मात्र तडजोड नाही. जिथे थंडी नाही तिथे तर समोरासमोर खिडक्या, वरची झरोकी आणि रात्री हवा खेळती ठेवणं एवढंही बरंच काम करतं. पण नेमकी हीच झरोकी रिनोव्हेशनमध्ये 'धूळ येते' म्हणून पहिली बुजवली जातात.

दिवे-पंखे हे सोपं काम, जुन्या चोकची 36 वॅटची ट्यूब चोकसकट 45-50 वॅट खाते तिथे 18-20 वॅटची एलईडी, आणि 75 वॅटच्या पंख्याच्या जागी 30 वॅटचा बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) पंखा, यात वाद घालण्यासारखं काहीच नाही. त्याहून स्वस्त काम म्हणजे रात्री दोन वाजता आणि सुट्टीच्या दिवशी मीटर बघणं. शाळा वर्षातले कितीतरी तास रिकामीच असते, तेव्हा मीटर फिरत असेल तर पंप, गीझर, कॉम्प्युटर लॅब, काहीतरी चालू राहिलंय. याला टेंडर लागत नाही, म्हणूनच बहुतेक कोणी करत नाही.

अडचण कुठे होते तर बांधकामाचा पैसा एका खात्यातून येतो आणि वीजबिल दुसऱ्या खात्यातून जातं, त्यामुळे चांगलं इन्सुलेशन टाकणाऱ्याला बचतीतलं काही दिसत नाही आणि तो स्वस्तातलं टाकून मोकळा होतो. म्हणून माझी मागणी एवढीच की ज्या शाळेचं असं काम होईल तिथे कामाआधी एक वर्ष आणि नंतर एक वर्ष प्रत्येक वर्गात तापमान आणि सीओटूचा (कार्बन डायऑक्साइडचा) मीटर ठेवा, आकडे नोटीस बोर्डावर वीजबिलाशेजारी लावा आणि कॉन्ट्रॅक्टरचा शेवटचा हप्ता ते दोन्ही बघूनच द्या. मीटर फार महाग वस्तू नाही, आणि सातवी-आठवीची मुलं रोजचं रीडिंग स्वतःच लिहून ठेवतील.

आपला,
एक नियमित वाचक