नोआचं प्रेम लेखातून का गाळलं?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत जँडी नेल्सन यांच्या ‘आय'ल गिव्ह यू द सन’ (मी तुला सूर्य देईन) या कादंबरीवर आलेला लेख वाचला. कुमारवयीन मुलांच्या पुस्तकांना आपल्या पुरवणीत जागा मिळते, याबद्दल आधी मनापासून आभार मानते, कारण पुढचं सगळं रागानं लिहिलेलं आहे. काल दिवसभर हा राग जिरेल म्हणून वाट पाहिली. तो जिरला नाही.

लेखात ज्यूड आहे. तिच्या आजीचे शकुन-अपशकुन आहेत, आजारपण टळावं म्हणून खिशात बाळगलेला कांदा आहे, तिला भेटलेला इंग्रज ऑस्कर आहे, शिल्पकार गार्सिया आहेत. तिचा जुळा भाऊ नोआ मात्र ‘चित्रांत रमणारा एकलकोंडा मुलगा’ एवढ्या ओळीत संपतो आणि ब्रायनचं तर नावही नाही. शेजारी राहायला आलेला, उल्कांचे दगड गोळा करणारा, दुर्बीण लावून आकाश बघणारा, बेसबॉल खेळणारा ब्रायन. नोआ त्याच्यावर जीव टाकतो आणि त्या वयात हे कुणाला सांगायचं, कसं सांगायचं, हे त्याला कळत नाही. या कादंबरीतलं पहिलं प्रेम हे आहे. पुस्तक उघडतं तेच नोआच्या आवाजात, तो १३ वर्षांचा असताना. ज्यूड बोलायला लागते तेव्हा दोघं १६ वर्षांची झालेली असतात आणि मधल्या काळात घराची पार वाताहत झालेली असते. पहिल्या प्रेमाबद्दल लेख लिहायचा आणि त्यातून कथेतलं पहिलंच प्रेम काढून टाकायचं, याला काय म्हणावं?

जागा कमी होती, असं उत्तर कृपा करून देऊ नका. आई आणि तो शिल्पकार यांच्याबद्दलचं जे गुपित वाचकाला शेवटाकडे कळायला हवं, ते सांगून टाकायला लेखात अख्खा परिच्छेद मिळाला आहे. ज्यांनी पुस्तक वाचलेलं नाही त्यांचा तो आनंद तुम्ही काढून घेतलात. मी तो इथे पुन्हा घालवणार नाही. अमेरिकन ग्रंथालय संघटनेचा कुमार साहित्यासाठीचा २०१५ चा प्रिंट्झ पुरस्कार या कादंबरीला मिळाला हे लेखात आहे, आणि ते बरोबर आहे. पण त्याच वर्षी, त्याच संघटनेनं स्टोनवॉल पुरस्कारांमध्येही या कादंबरीला सन्मान दिला होता. समलिंगी आणि इतर लैंगिक अल्पसंख्याकांचं जगणं मांडणाऱ्या पुस्तकांसाठी ते पुरस्कार असतात. एकाच संस्थेचे दोन सन्मान. त्यातला एक छापला, दुसरा वगळला. हे अनवधानानं झालं यावर माझा विश्वास बसत नाही.

नेल्सन यांनी ही कादंबरी कशी लिहिली हेही त्यांनी सांगितलेलं आहे. आधी नोआची गोष्ट सुरुवातीपासून शेवटपर्यंत लिहिली, मग ज्यूडची, आणि नंतर दोन्ही एकमेकींत गुंफल्या. म्हणजे नोआ हा बहिणीच्या कथेतला भाऊ म्हणून आलेलाच नाही. त्याची कथा आधी पूर्ण उभी राहिली.

मी माध्यमिक शाळेत चित्रकला शिकवत होते, म्हणून पुढचं जरा सविस्तर लिहिते. चित्र काढणाऱ्या मुलाच्या डोक्यात काय चालतं याचं इतकं खरं वर्णन मी फार थोड्या ठिकाणी वाचलं आहे. नोआला कलाशाळेत प्रवेश हवा आहे. अजून तो मिळालेला नाही, तर तो उन्हाळी वर्गाच्या खिडकीबाहेर लपून आतल्या मॉडेलचं रेखाटन करत बसतो. शिक्षकांचं बोलणं बाहेरून ऐकतो आणि हात चालवतो. जे कागदावर येत नाही ते डोक्यात रंगवतो आणि त्याला चित्रासारखं नावही देतो. अपमान झाला की एक चित्र, आई हसली की एक चित्र, ब्रायन जवळ येऊन उभा राहिला की एक चित्र. त्याचं प्रेम त्या चित्रांतूनच आपल्याला कळतं. ब्रायनला बाजूला केलं की ती चित्रं कशाबद्दल आहेत हेच कळेनासं होतं. पुढे १६ वर्षांचा नोआ चित्रं सोडून चारचौघांसारखा होऊन हिंडतो. लेखात त्याचं कारण ‘आईच्या मृत्यूचा धक्का’ असं दोन शब्दांत दिलं आहे. तो धक्का आहेच. पण हा मुलगा स्वतःलाही लपवतो आहे, आणि ते लपवणं गाळलं तर उरतो तो फक्त दुःखी मुलगा.

कादंबरीला जिथून नाव मिळालं त्या प्रसंगाचंही तसंच. ‘बहीण भावाला सूर्य देऊन टाकते’ म्हणून लेखात ज्यूडच्या त्यागाचं कौतुक आहे. पुस्तकात तो सौदा आहे! या दोघांनी लहानपणापासून जग वाटून घेतलेलं आहे आणि त्यात देवाणघेवाण चालते. नोआनं काढलेलं एक व्यक्तिचित्र ज्यूडला हवंच असतं. त्याच्या बदल्यात तो सूर्य, तारे, समुद्र आणि सगळी झाडं मागून घेतो, आणि ती देते. भावाच्या हातच्या एका कागदासाठी मुलगी सूर्य सोडायला तयार होते. त्यात त्याच्या चित्रकलेबद्दलचा आदर आहे, हेवाही आहे, आणि कलेवर लिहिणाऱ्या त्यांच्या आईची नजर कुणाकडे वळते याची दोघांमधली चुरसही आहे. पुढचं सगळं रामायण या चुरशीतून घडतं.

आता मला हे इतकं का लागलं ते सांगते. ही कादंबरी अमेरिकेत सप्टेंबर २०१४ मध्ये आली. त्याआधी, ११ डिसेंबर २०१३ रोजी, आपल्या सर्वोच्च न्यायालयानं दिल्ली उच्च न्यायालयाचा निकाल फिरवून, समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम ३७७ पुन्हा लागू केलं होतं. त्याच सुमाराची ही गोष्ट. नववीतला एक मुलगा माझ्याकडे इंटरमिजिएटच्या, म्हणजे शासकीय चित्रकला परीक्षेची तयारी करत होता. स्थिरचित्र नीटनेटकं काढायचा, पण त्याची खरी चित्रं असायची रफ वहीच्या मागच्या पानांवर. वर्गातलाच एक मुलगा, खो-खो खेळणारा. बुटाची नाडी बांधताना, खांबाला हात लावून वळताना, बाकावर डोकं टेकून झोपलेला. दुमडलेला गुडघा पेन्सिलनं काढणं मोठमोठ्यांना जमत नाही. या मुलानं तो न खोडता काढला होता. मान, खांदा, मनगट, सगळं निरखून काढलेलं. त्यात लाज वाटण्यासारखं काहीही नव्हतं.

दुसऱ्या विषयाच्या तासाला ती वही पकडली गेली. शिक्षकांच्या खोलीत हातोहात फिरली. लोक हसले. मधल्या सुट्टीनंतर वडिलांना बोलावणं गेलं. ही अभ्यासाची रेखाटनं आहेत, वही मुलाची आहे, ती त्याला परत द्या, हे मी सगळ्यांसमोर सांगितलं. त्यावर एक ज्येष्ठ सहकारी म्हणाले, “बाई, कायद्यानं गुन्हा आहे हा. पेपरात आलंय, वाचलं नाही का तुम्ही?” चित्र काढणं कोणत्या कलमाखाली गुन्हा ठरतं, हे मी त्यांना तिथेच विचारलं. उत्तर आलं नाही, आणि वहीही आली नाही. परीक्षेचा अर्ज भरलेला असूनही तो मुलगा पेपरला बसला नाही. माझ्या तासाला यायचा, समोर कोरा कागद ठेवायचा आणि तास संपला की तो तसाच परत करायचा. पुढे आई-वडिलांनी त्याला दुसरीकडे घातलं. इतका हात असलेला विद्यार्थी मला पुन्हा मिळाला नाही. त्या वहीचा राग आजही माझ्या मनातून गेलेला नाही.

कलम ३७७ चा तो भाग ६ सप्टेंबर २०१८ रोजी गेला. कादंबरी माझ्या हाती त्यानंतर आली, भाचीनं वाचायला दिली म्हणून. नोआ चित्रं सोडतो तिथे मला पुस्तक मिटून ठेवावं लागलं. नंतर एक प्रत विकत घेऊन शाळेच्या ग्रंथालयाला दिली. ती कुलपाच्या कपाटात गेली आणि किल्ली मुख्याध्यापकांच्या टेबलात. त्यामुळे मुलांच्या हाताशी उरतो तो तुमचा पेपर. रविवारी पुरवणी घरात येते, कुणीतरी ती जमिनीवर पसरून वाचतं. त्या वाचणाऱ्यांत एखादा नोआ असेल तर या पुस्तकात आपली गोष्ट आहे हे त्याला तुमच्या लेखातून समजायला हवं होतं. लेख वाचून त्याला वाटेल, मुलामुलीच्या प्रेमाची आणखी एक कादंबरी. आणि तो पान उलटेल.

घरातले सगळे पुरवणी वाचतात म्हणून हे टाळलं, असं कुणी म्हणेल. समोरच्याच पानावर एका नटाच्या तिसऱ्या लग्नाची रंगीत हकिगत आहे. ती सगळ्या घरानं वाचलेली चालते आणि एका मुलाला दुसरा मुलगा आवडतो हे एका वाक्यात लिहिलेलं चालत नाही, हे मला मान्य नाही.

जाता जाता आणखी एक. लेखासोबत खडकावर पाठीला पाठ लावून बसलेल्या भावंडांचं सुरेख जलरंगातलं चित्र छापलं आहे. खाली चित्रकाराचं नाव नाही. कोपऱ्यातली सहीसुद्धा मजकुराच्या चौकटीत कापली गेली आहे. लेखकाचं नाव ठळक, छायाचित्रासह. हे दर आठवड्याला होतं आणि याबद्दल मी पूर्वीही लिहिलं आहे. निदान कलेवरच्या लेखात तरी चित्र काढणाऱ्याचं नाव छापा.

येत्या रविवारी पुरवणीत खुलासा द्यावा, ही विनंती. नोआ आणि ब्रायनची गोष्ट या कादंबरीत आहे, स्टोनवॉल सन्मान मिळालेला आहे, आणि त्या चित्राचा चित्रकार कोण, इतकं त्यात असावं. लेख जिथे छापला त्याच पानावर तो यावा. छोट्या जाहिरातींच्या खाली नको.

कळावे,
आपली वाचक,
एक निवृत्त कलाशिक्षिका, सांगली