तक्रार सर्वांसमोर केली, म्हणून आभारही सर्वांसमोर

आदरणीय बाई,

सादर नमस्कार.

गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये मी मुख्याध्यापकांना तुमच्याविरुद्ध दिलेल्या अर्जाचा फोटो पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर टाकला होता. हे पत्रही मी त्याच गटावर टाकणार आहे. तक्रार चव्हाट्यावर करायची आणि आभार मात्र शाळेच्या फाटकाशी उभे राहून हळू आवाजात मानायचे, हे मला पटत नाही.

अर्जातले काहीही खोटे नव्हते, हे आधी नमूद करते. तुम्हीही ते कधी नाकारले नाही. फळ्यावरचे उतरवून घेतले नाही म्हणून माझ्या मुलाला वर्गाबाहेर उभे केले जात होते, चुकलेला प्रत्येक शब्द पन्नास वेळा लिहायला लावला जात होता, आणि त्याच्या दैनंदिनीत लाल शाईने ‘मुद्दाम करतो, पालकांनी लक्ष द्यावे’ असा शेरा आठवड्यातून दोनदा तरी येत होता. शिक्षण हक्क कायदा, २००९ मधील कलम १७ शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळालाही मनाई करते, हे मी कुठूनतरी शोधून काढले आणि अर्जात ठळक अक्षरांत लिहिले. त्यानंतर गटावर दोन तट पडले. कोणी लिहिले की शिक्षकांना मुलांची पर्वा उरलेली नाही, तर कोणी लिहिले की हल्लीच्या आयांना मुलाला बोट लावलेले खपत नाही. मुलाला नेमके काय होते आहे, हे त्या दीडशे संदेशांत कोणीही विचारले नाही, मीही नाही.

तान्हा पोळा झाल्यानंतरच्या शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर तुम्ही मला बोलावले, तेव्हा मी कलम १७ चे छापील पान पर्समध्ये घेऊनच आले होते. तुम्ही टेबलावर त्याच्या तीन वह्या ठेवल्या आणि कायद्याऐवजी मारबतीचा, म्हणजे तान्ह्या पोळ्याला आमच्याकडे निघणाऱ्या पुतळ्यांच्या मिरवणुकीचा, विषय काढला. मारबतीच्या मिरवणुकीवर दहा ओळी लिहायला सांगितल्यावर त्याने अडीच ओळी लिहिल्या होत्या, म्हणून तुम्ही त्याला जवळ बसवून तेच तोंडी सांगायला लावले होते. आम्ही नागपूरच्या इतवारीत राहतो, त्यामुळे हा त्याचा घरचाच विषय. काळी आणि पिवळी मारबत नेहरू पुतळ्याजवळ कशा भेटतात, त्या वर्षीचे बडगे, म्हणजे चालू घडामोडींवर टीका करणारे पुतळे, कशाकशावर होते, ‘ईडा पीडा घेऊन जा गे मारबत’ हे कुठे आणि किती जोरात ओरडायचे, हे त्याने पंधरा मिनिटे न थांबता सांगितले. मग तुम्ही मला म्हणालात, “एवढे ज्याला सांगता येते, त्याला लिहिता येत नसेल, तर तो आळस कसा? हे मला जुलैमध्येच कळायला हवे होते. माझी चूक झाली.”

भांडायला आलेल्या माणसाचे पाय त्या एका वाक्याने जमिनीवर येतात. पण तुम्ही तिथे थांबला नाहीत. वहीतल्या चुकांना तुम्ही पेन्सिलीने गोल केले होते. ‘वर्ग’चे ‘वगर’, ‘कविता’चे ‘किवता’, ‘ध’च्या जागी ‘घ’. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी लिहायची पण वाचायची नंतर, आणि रफार आधी उच्चारायचा पण पुढच्या अक्षराच्या डोक्यावर द्यायचा, ही आपल्या लिपीतली उलटापालट आपल्याला कधी जाणवतही नाही. तो मात्र नेमका तिथेच अडत होता. त्यानंतर तुम्ही पन्नास-पन्नास वेळा लिहिलेली पाने उलटलीत आणि शांतपणे म्हणालात, “ही त्याची नाहीत. त्याच्या चुका वेलांटी, रफार आणि जोडाक्षरांपाशी होतात. या पानांवरच्या कुठेही होतात.”

ती पाने माझी होती. रात्री तो वहीवर डोके ठेवून झोपला की उरलेले शब्द मी डाव्या हाताने लिहीत असे, म्हणजे अक्षर त्याच्यासारखे वाकडे येई. अर्जात हे मी लिहिले नव्हते. तुमची शिक्षा आणि माझी मदत यांनी मिळून त्याची अडचण दोन महिने झाकून ठेवली होती, हे तुम्ही मला एकही कठोर शब्द न वापरता दाखवले.

पुढच्या तपासण्या तुम्ही सांगितलेल्या क्रमानेच झाल्या: आधी डोळे आणि कान, मग बुद्ध्यांक चाचणी, आणि त्यानंतर वाचन, लेखन व गणिताच्या चाचण्या. त्यात महिने गेले, हेलपाटे झाले. ते उगाळत नाही. अहवालात अध्ययन अक्षमता, म्हणजे बुद्धी ठीक असूनही वाचन-लेखनात येणारी अडचण, हे शब्द आल्यावर मुलावर शिक्का बसेल म्हणून त्याच्या बाबांनी तो कपाटात ठेवून दिला. तुम्ही दुकानावर येऊन त्यांना इतकेच विचारले की त्यांची स्वतःची शाळा कशी झाली. सगळे हिशेब तोंडी करणारा आणि बिल मात्र नेहमी दुसऱ्याकडून लिहून घेणारा माझा नवरा बराच वेळ गप्प राहिला. ही अडचण अनेकदा घराण्यात चालत येते, हे तुम्ही त्यानंतर सांगितलेत. अहवाल त्याच संध्याकाळी कपाटातून बाहेर आला.

वर्गात तुम्ही केलेले बदल लहान होते, पण मला ते एकेक करून आठवतात. फळ्यावरचा मजकूर त्याला छापून मिळू लागला, अचानक उभे करून मोठ्याने वाचायला लावणे बंद झाले आणि काही उत्तरे तोंडी घेतली जाऊ लागली. पाचवीच्या वार्षिक परीक्षेत नापास झाल्यास पुनर्परीक्षा आणि तरीही न जमल्यास पुन्हा तोच वर्ग, या नव्या नियमाने माझी झोप उडाली होती. विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये आहे आणि परीक्षेत मिळणारा वाढीव वेळ ही कोणाची मेहरबानी नव्हे, हे तुम्ही मला समजावले, आणि शाळेत त्यासाठीचा अर्ज लिहायलाही तुम्हीच मदत केलीत.

सर्वांत अधिक आभार मात्र ज्या प्रसंगाचे मानायचे आहेत, त्याच्या दिवशी मी तुमच्यावर पुन्हा चिडले होते. जानेवारीत ‘ढ’ म्हणून चिडवणाऱ्या मुलाला माझ्या मुलाने कंपास फेकून मारला आणि त्या मुलाच्या भुवईला खोक पडली. तुम्ही चिडवणाऱ्याला समज दिलीत, पण माझ्या मुलालाही त्या मुलाच्या आईवडिलांसमोर माफी मागायला लावलीत आणि आठवडाभर मधल्या सुट्टीत मैदानावर जाऊ दिले नाही. मी अहवालाची प्रत घेऊन आले आणि म्हणाले की त्याला अडचण आहे, हे तुम्हाला तरी ठाऊक आहे. तुम्ही म्हणालात, “अडचण अक्षरांची आहे, हाताची नाही.” त्या वेळी मला ते लागले. पण आठवडा संपल्यावर ती दोन्ही मुले एकाच डब्यातून सांबारवडी खात होती, आणि मला वाटते, शिस्त सर्वांइतकीच लागू झाल्यामुळेच तो त्या दिवशी वर्गात सर्वांसारखा ठरला.

ऑगस्टमधला तक्रारअर्ज मी लेखी मागे घेतला आहे. त्याची पोच सोबत जोडते. ती पन्नास-पन्नास शब्दांची वही तुम्ही जपून ठेवली आहे आणि नव्याने रुजू होणाऱ्या शिक्षकांना दाखवता, असे कळले. त्यातली डाव्या हाताने लिहिलेली पानेही अवश्य दाखवा, आणि ती कोणाची आहेत हेही सांगा. माझी हरकत नाही.

आपली कृतज्ञ,
इयत्ता सहावीतील एका विद्यार्थ्याची आई
इतवारी, नागपूर