मंत्रीसाहेब, हॉल बांधायच्या आधी किल्ली कोणाकडे राहणार ते ठरवा

मा. क्रीडामंत्री साहेब,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

सप्रेम नमस्कार,

मी तालुक्याच्या शाळेतला रिटायर्ड पीटी मास्तर, एकतीस वर्षं गळ्यात शिट्टी. मागच्या वर्षी मुलाकडे अमेरिकेत इंडियानापोलिसला गेलो होतो, तिथं सून म्हणाली बाबा मॉलबिल राहू दे तुम्हाला हे आवडेल, आणि बटलर युनिव्हर्सिटीच्या बास्केटबॉल हॉलच्या दारात सोडून गेली. हिंकल फील्डहाऊस. बाहेरून विटांची जुनी अवाढव्य इमारत, एखादी बंद पडलेली गिरणी वाटावी अशी. दार उघडंच होतं, ना पास ना वॉचमनची हटकाहटकी. आत वरच्या मोठ्या खिडक्यांतून ऊन तिरकं लाकडी कोर्टावर आलेलं आणि एक पोरगा एकटाच फ्री थ्रो मारत होता, बॉलचा ठाप ठाप आवाज वर लोखंडी कमानींना लागून खाली येत होता. मी वरच्या बाकावर पाऊण तास बसून राहिलो, सून फोन करकरून दमली.

साहेब, हा हॉल १९२८ चा आहे. मार्चमध्ये पहिली मॅच झाली, बटलरनं नोत्र दाम युनिव्हर्सिटीला ओव्हरटाइममध्ये (बरोबरी झाल्यावरच्या जादा वेळात) २१-१३ हरवलं. बसायला जागा १५ हजार! १९५० पर्यंत अख्ख्या अमेरिकेत बास्केटबॉलचा एवढा मोठा हॉल दुसरा नव्हता आणि हे एका साध्या कॉलेजचं काम, म्हणजे बघा. पैसा शहरातल्या ४१ व्यापाऱ्यांनी कंपनी काढून उभा केला. पण मला जी गोष्ट तुम्हाला सांगायचीय ती पुढे आहे, तिथल्या इंडियाना राज्याच्या शालेय क्रीडा संघटनेनं १० वर्षांचा करार करून दिला की शाळांच्या स्टेट चॅम्पियनशिपची फायनल इथंच होणार. नुसत्या कॉलेजच्या टीमवर १५ हजार जागा भरत नाहीत हे त्या व्यापाऱ्यांना कळत असणार, धंदेवाईक माणसं ती. करार १० वर्षांचा पण फायनल १९७१ पर्यंत तिथंच होत राहिली, मध्ये महायुद्धात तीन वर्षं सोडून, कारण तेव्हा हॉलमध्ये सैनिकांच्या बराकी होत्या.

म्हणून तिथला इतिहास कॉलेजपेक्षा शाळेच्या पोरांनीच जास्त घडवलाय. १९५४ ला मायलन नावाच्या खेड्यातली शाळा फायनलला आली, सगळी मिळून १६१ पोरं शाळेत, समोर मन्सी सेंट्रलसारखी मोठ्या शहराची शाळा. मायलनचा बॉबी प्लंप नावाचा पोरगा शेवटी शेवटी चार मिनिटांच्या वर बॉल हातात धरून नुसता उभा (तेव्हा शॉट क्लॉक, म्हणजे ठरावीक सेकंदांत शॉट मारायलाच लावणारं घड्याळ, नव्हतं ना) आणि अगदी शेवटच्या सेकंदांत त्यानंच शॉट मारला, ३२-३०. मी माझ्या टीमला हे सांगितलं असतं तर म्हणाली असती सर फेकताय.

पण मला स्वतःला पुढच्या वर्षीची गोष्ट जास्त लागली. क्रिस्पस ॲटक्स ही शहरानं फक्त काळ्या मुलांसाठी १९२७ ला काढलेली वेगळी शाळा. १९४२ पर्यंत तर या शाळांना स्पर्धेत एंट्रीच नव्हती. शाळेला धड जिम नाही, म्हणून आपल्या 'होम' मॅचेसुद्धा ती पोरं याच हॉलमध्ये खेळायची. १९५४ ला मायलनकडून इथंच हरली आणि १९५५ ला ऑस्कर रॉबर्टसनला (पुढे बास्केटबॉलमधला फार मोठा खेळाडू झाला तो) घेऊन ९७-७४ नं फायनल जिंकली, देशात अशी स्टेट चॅम्पियनशिप जिंकणारी पहिली काळ्या मुलांची शाळा. जिंकलेल्या टीमनं शहराच्या मधल्या चौकात जल्लोष करायचा अशी तिथं पद्धत, यांना मात्र चौकाला एक चक्कर मारून त्यांच्याच वस्तीतल्या पार्ककडे पाठवून दिलं. रॉबर्टसन म्हातारपणीही ते विसरला नाही. तेव्हा हॉलनं शहर सुधारलं वगैरे मी म्हणत नाही, पण पोरांना आत घेतलं हे खरं, आणि लगेच पुढच्या वर्षी तीच शाळा एकही मॅच न हरता परत जिंकली.

आणि हिंकल कोण, तर कोच. बटलरचे टोनी हिंकल, बास्केटबॉल, अमेरिकन फुटबॉल, बेसबॉल तिन्ही शिकवायचे. पूर्वी बॉल गडद तपकिरी असायचा, लांबून नीट दिसायचा नाही, यांनी स्पाल्डिंग कंपनीकडून केशरी बॉल करून घेतला, आज जगभर तोच वापरतात. १९६६ ला हॉलला त्यांचं नाव दिलं. आपल्याकडे पीटी मास्तरच्या नावाची गल्ली तरी दाखवा मला कुठे.

पुढे १९८७ ला हॉलला राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूचा दर्जा मिळाला, नंतर ३ कोटी ६० लाख डॉलर घालून दुरुस्ती केली, आता जागा साधारण ९ हजार. पाडून नवीन चकाचक बांधू असं काही केलं नाही.

आता आपल्याकडचं. आमच्या भागात एक इनडोअर हॉल आहे, कुठला ते लिहीत नाही, उगाच तिथल्या शिपायावर शेकायचं. लाकडी कोर्ट आहे, लाइट आहेत. आत मी रिसेप्शन बघितलंय, साड्यांचा सेल बघितलाय. मुलींच्या १४ वर्षांखालच्या जिल्हा स्पर्धेला मात्र किल्लीवाले साहेब मीटिंगला गेलेले, म्हणून दुपारी साडेबाराला बाहेरच्या सिमेंटच्या कोर्टवर मॅच लावली, रिंगला जाळी नाही, बूट तापून पाय भाजतायत पोरींचे.

माझी मागणी एकच आहे आणि तिला फार खर्चही नाही. इथून पुढे युनिव्हर्सिटी असो की क्रीडा संकुल, हॉलला ग्रँट देताना आधी कागद करा, की जिल्ह्याच्या शालेय स्पर्धांची फायनल दरवर्षी याच हॉलमध्ये होईल आणि शाळेच्या टीमला संध्याकाळचे दोन तास राखीव राहतील, भाडं न घेता. लग्नं लावायची तर उरलेल्या वेळात लावा, कोणाची ना नाही.

सिमेंटवरच्या त्या मॅचला शिट्टी मीच वाजवत होतो. शेवटच्या मिनिटाला आमच्या एका पोरीला फ्री थ्रो मिळाला, डोळ्यावर ऊन, रिंग दिसेना. तिनं एक हात कपाळावर धरला आणि एका हातानंच बॉल टाकला. गेला आत.

आपला,
एक रिटायर्ड पीटी मास्तर