ती भीक नव्हे

संपादक महोदय,

‘आमच्या करांवर फुकटे पोसले जातात’ असे गोव्यात वृद्ध, निराधारांना दरमहा सरकारी साहाय्य देणाऱ्या दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेबद्दल हल्ली सर्रास ऐकू येते. वाईट वाटते. आमच्या शेजारची आजी चाळीस वर्षे म्हापशाच्या बाजारात भाजीची पाटी घेऊन बसायची. आता गुडघे गेले. दरमहाचे २,००० रुपये हाती आले की आधी रक्तदाबाच्या गोळ्या, उरले तर बांगडे. भविष्यनिर्वाह निधी तिला कोण देणार होते? आणि कर म्हणाल, तर साबण, चहापत्तीवर तीही जन्मभर तो भरत आली. राज्यघटनेचे ४१वे कलम म्हातारपणी, आजारपणी सरकारी साहाय्याची तरतूद करायला सांगते. खोटे लाभार्थी असतील तर जरूर वगळा. आजीला मात्र फुकटी म्हणू नका.

– एक वाचक, म्हापसा