हिरवी बादली

कांचरापारा (पश्चिम बंगाल),
रविवार दुपार

प्रिय विजू,

तुझे दोन मेसेज वाचून ठेवले आणि उत्तर दिलं नाही. रागावली असशील तर रास्तच आहे. फोन केला असता तर मध्येच यांची हाक, कुकरची शिट्टी, आणि सांगायचं तेच राहिलं असतं. म्हणून लिहायला बसले. बीपी गोळीवर ठीक आहे, यांची शुगरही.

आमच्याकडची मालती तुला फोटोत दाखवली होती ना? चाकदहकडच्या गावातून पहाटेच्या लोकलने कामाला येते, तीन वर्षं झाली. ती आली तेव्हाच मला तिच्या मानेवरचे डाग दिसले होते. धुळीवर पावसाचे थेंब पडावेत तसे, काही काळपट, काही पांढुरके. मी काही विचारलं नाही. कान तुटलेला एक कप खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला आणि तिचा चहा त्यात द्यायला लागले. तीही पिऊन झाला की कप विसळायची आणि तिथेच पालथा घालायची. तीन वर्षं, विजू.

मागच्या महिन्यात तिने गावाकडून नवा खजुराचा गूळ आणला. मी हात पुढे केला, तिचा तळवा माझ्या तळव्याला लागला. कातडीखाली ज्वारीचे दाणे शिवून टाकावेत तसा तो खरखरीत, टणक. तिने चटकन हात मागे घेतला आणि म्हणाली, "छोंयाचे नय, दिदी." लागत नाही हे, ताई.

मला तू दिसलीस. तिसऱ्या मजल्यावरची आपली खोली, चादरीवर पडलेला तुझा कोंडा, आणि "सुधे, सोरायसिस लागत नाही गं" असं तू सांगत असताना हिरवी नवी बादली घेऊन जिना चढणारी मी. कॉटसुद्धा मी भिंतीकडे सरकवली होती. तू काही बोलली नाहीस. भांडलीस ते दुसऱ्या दिवशी, तेही भातावरून!

मालतीला सोरायसिस नाही. तिच्या गावी जाऊन आले, तेव्हा सगळं कळलं. घरासमोरच्या हातपंपाच्या, त्यांच्या भाषेत 'कल'च्या, मानेला लाल रंग फासलाय. लाल म्हणजे पाण्यात आर्सेनिक, म्हणजे सोमल. तिचे डाग, ते तळवे, सगळं वर्षानुवर्षं हे पाणी पिऊन. पाणी काचेसारखं स्वच्छ, ना चव ना वास. उकळून उपयोग नाही, उलट पाणी आटतं आणि सोमल तेवढाच राहतो. मर्यादा आहे लिटरला 10 मायक्रोग्रॅम. आपल्या गच्चीवरच्या हजार लिटरच्या टाकीत 10 मिलिग्रॅम, चिमटीतही येणार नाही एवढं. इथल्या कित्येक कलांत त्याच्या अनेक पट निघालाय.

आणि कुणी विष घातलेलं नाही गं. हिमालयातून गंगेने आणलेला गाळ, त्यातल्या लोहाला चिकटलेला सोमल, खाली प्राणवायू नसला की तो पाण्यात सुटतो. तळ्याचं पाणी पिऊन पोरं कॉलऱ्याने, हगवणीने जायची म्हणून गावोगाव हे कल खोदले. चांगल्यासाठीच खोदले! कोलकात्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमधल्या डॉ. के. सी. साहांनी 1983 च्या सुमारास असे रुग्ण ओळखले. नंतर जादवपूर विद्यापीठाचे दीपंकर चक्रवर्ती गावोगाव फिरून पाणी, केस, नखं तपासत राहिले. म्हणजे आपण शाळेत होतो तेव्हापासून हे माहीत आहे. मालतीच्या गावात पाणी शुद्ध करायचा प्लांटही बसवलाय. त्याच्या दाराला कुलूप आहे, आणि कुलपाला गंज. खोल बोअरचा नळ आहे, पण वीस मिनिटं चालत. मग लाल कलच चालतो.

मालतीच्या सासऱ्यांच्या बोटावरची जखम वर्षानुवर्षं भरेना, कॅन्सर निघाला, बोट काढलं. थोरल्या मुलीला बघायला आलेल्या बाईने चहा घेताघेता तिला चप्पल काढायला लावली, तळवे पाहिले आणि चहा अर्धा ठेवून सगळे उठले. गावाबाहेरच्यांना वाटतं महारोग आहे. मी त्या बाईला मनात शिव्या घातल्या आणि मग आमच्या खिडकीतला कप आठवला.

आता भाताचं. तू पेज वेळून टाकायचीस आणि मी सोलापुरी तोंडाने म्हणायचे, सगळं सत्त्व मोरीत घातलंस! तर बये, तू जिंकलीस. उन्हाळी बोरो धान याच जमिनीखालच्या पाण्यावर पिकतं आणि भात सोमल ओढून घेतो. भरपूर पाण्यात शिजवून वेळला तर त्यातला बराचसा निघून जातो. मी हल्ली तसाच करते. मालतीकडे पिढ्यान् पिढ्या वेळलेलाच भात, पण पाणी कलचं. विषारी पाण्यात शिजवून काय उपयोग? आणि ती पेज गाईला. रात्री झोप लागत नाही ती यानेच. तांदूळ, गूळ, दूध, काय म्हणून सोडायचं?

डॉक्टर म्हणाले, खास औषध असं नाही, आधी पाणी बदला. आता ती येताना दोन कॅन आणते आणि आमच्या नळाचं पाणी भरून लोकलने नेते. हे पाणी तपासून घेतलंय. दोन कॅनमध्ये पाच माणसांचं कसं भागणार, मला माहीत आहे.

तो कप परवा मी फेकला. ती आली, सवयीने खिडकीत हात घातला, कप सापडेना. तशीच उभी राहिली. मग हळूच विचारलं, "आज चहा नाही का, दिदी?"

विजू, त्या वर्षी मी तुझी माफी मागितली नव्हती. आज मागते.

आदित्यचं कॉलेज नक्की झालं का? सासूबाई काठीशिवाय चालतात का आता? आणि तुझे गुडघे?

एक काम कर. तुझ्या टाचांना भेगा पडायच्या तेव्हा तू रात्री पाय भिजवून काहीतरी मलम लावायचीस आणि वर सुती मोजे घालायचीस. मालतीचे तळवे इतके चिरलेत की लोकलच्या पायऱ्या चढताना ती पाय आडवा टाकते. मी इथल्या डॉक्टरांना विचारीनच, पण तू काय लावायचीस, किती वेळ भिजवायचीस, कोमट की गार, सगळं लिहून पाठव. मोजे मी आणून ठेवलेत.

तुझी,
सुधा