अंड्यातलं काळीज चार्टवर दिसत नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी यावल तालुक्यातली, एमेस्सी झुलॉजीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. डेव्हलपमेंटल बायोलॉजीचं, म्हणजे गर्भ कसा वाढतो त्याचं, प्रॅक्टिकल म्हणजे आमच्याकडे काय, तर भिंतीवरचा चार्ट आणि कोंबडीच्या गर्भाच्या रंग उडालेल्या जुन्या स्लाइडी, 24 तासांचा, 33 तासांचा, 48 तासांचा, त्या बघून जर्नलमध्ये चित्र काढायचं, सही घ्यायची, संपलं. हॅम्बर्गर आणि हॅमिल्टन या शास्त्रज्ञांनी 1951 मध्ये कोंबडीच्या गर्भाचे 46 टप्पे ठरवले हे पाठ आहे, पण जिवंत असा एकही बघितलेला नव्हता.

यंदा नवीन मॅडम म्हणाल्या, खरी अंडी उबवू. वर्गणी काढून किराणा दुकानातून दोन डझन आणली, दोन दिवस इन्क्युबेटरमध्ये ठेवून फोडली तर नुसता बलक! दुकानातली अंडी येतात त्या लेअर फार्मवर कोंबडाच नसतो, अंडी फळणार कशी, हे एमेस्सीला येऊन आमच्या एकाच्याही डोक्यात आलं नाही. आजीला सांगितलं तर ती पोट धरून हसली, म्हणे कोंबडा नाही तर पिल्लू काय आभाळातून पडीन का? मग तिनेच भुशात घालून बारा गावरान अंडी दिली.

48 तासांनी चार फोडली. फिल्टर पेपरच्या रिंगवर गर्भ उचलून कोमट सलाईनमध्ये ठेवला आणि मायक्रोस्कोपखाली बघितलं तर इवलंसं हृदय, टुकटुक टुकटुक चाललेलं, बाजूने लाल जाळी. मागच्या बाकावरची पोरंसुद्धा चूप. डोळे, कान, काहीच धड झालेलं नाही आणि काळीज आधी कामाला लागलंय, हे चार्टवर कसं कळणार सांगा.

उरलेली आठ 72 तासांसाठी ठेवली होती, रात्री लाइट गेली ती सकाळीच आली. ऑफिसच्या कॉम्प्युटरला इन्व्हर्टर आहे, लॅबला नाही, आठच्या आठ गेली. (मे महिन्यात इन्क्युबेटर लागणारच नाही असं पोरं म्हणतात, पण आपल्या 45 अंशात गर्भ टिकत नाही हो.)

लॅबला एक इन्व्हर्टर, अंड्यांपुरता थोडा फंड, आणि परीक्षेला बाहेरून येणाऱ्या सरांनी स्लाइड ओळखायला लावण्याऐवजी एक अंडं फोडायला लावावं, एवढंच मागणं आहे. आजीने पुढच्या आठवड्यात अजून एक डझन द्यायचं कबूल केलंय, लाइटीचं तेवढं कोणीतरी बघा.

आपली,
एक विद्यार्थिनी, जि. जळगाव